फुटपाथवरून दिसेल तेच : हॅलोविन २०२४, घरच्या सजावटीच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार. एडिसन, न्यू जर्सी

यंदा पेच कॅलेंडरनेच टाकलाय. हॅलोविन नेहमीप्रमाणे ३१ ऑक्टोबरला. त्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन शुक्रवारी १ नोव्हेंबरला आहे. पण इथल्या घड्याळाने अमावास्या गुरुवारी सकाळी लागते आणि शुक्रवारी सकाळी सुटते, म्हणजे अमावास्येची संध्याकाळ आपल्याला एकच मिळते, ३१ ची. भुतं आणि लक्ष्मी एकाच दारात, एकाच वेळी.

सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत, नोव्हेंबर संपेपर्यंत इथेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला नियम घालून दिला : "अंगणात काय नाचवायचं ते नाचवा गं, पण लक्ष्मी येणार त्या दाराला हाडं-कवट्या नकोत." मान्य. दार, पायऱ्या आणि पोर्च दिवाळीचा. खिडक्या, गॅरेज, झुडपं आणि ड्राइव्हवे भुतांचा.

दुसरा नियम माझा. हॅलोविनची सजावट रस्त्यावरून, अंधारात, चालता चालता बघितली जाते. आमच्या गल्लीत दरवर्षी हेच दिसतं : डायनिंग टेबलावर गोड वाटलेले चिमुकले कोळी आणि चकचकीत स्टिकर फुटपाथवरून शून्य. म्हणून प्रत्येक वस्तूची परीक्षा फुटपाथवर होणार, साधारण तीस फुटांवरून, संध्याकाळी सातला. न सांगता कळलं तर पास.

खर्चाची मर्यादा ४० डॉलर. कोपऱ्यावरच्या घराने होम डेपो या घरसामानाच्या दुकानाचा बारा फुटी सांगाडा उभा केलाय, तो २०२० साली बाजारात आला तेव्हाच २९९ डॉलरचा होता. त्याच्याशी उंचीत स्पर्धा नाही. उजेडात करू.

६ ऑक्टोबर, रविवार

घरातली जमवाजमव. दुधाचे गॅलनचे प्लास्टिक कॅन आजपासून फेकायचे नाहीत. रोज दही लावणाऱ्या घरात ते भराभर साठतात. टॉयलेट पेपरचे पुठ्ठ्याचे रोल, काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, माळ्यावरच्या नाताळच्या पांढऱ्या एलईडी माळा, गणपतीच्या मखरातून उरलेला नारिंगी जिलेटीन पेपर. डॉलर ट्री या स्वस्त दुकानातून (यंदा तिथे बहुतेक गोष्टी सव्वा डॉलरला) काळे पोस्टर बोर्ड, ग्लो स्टिक आणि बॅटरीच्या पणत्या आणल्या. पणत्या भरपूर घेतल्या, दोन्ही सणांना चालतील.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

तोरण झालं, सोनं म्हणून शेजारच्या मेपलची पानं वाटून झाली. उरलेल्या पानांची भुतं. पान उलटं धरायचं, देठ वर. मेपलची टोकं खाली आली की आपोआप झगा आणि हात तयार होतात. पांढरा ॲक्रिलिक रंग, वर काळ्या मार्करचे डोळे. पानं आधी जाड पुस्तकात दाबून ठेवलेली हवीत, नाहीतर रंग वाळताना वळकटी होते. धाकट्याला जमणारं हे सगळ्यात सोपं काम.

फुटपाथ परीक्षा : नापास, आणि त्यात आश्चर्य काही नाही. दोऱ्यात ओवून स्वयंपाकघराच्या खिडकीत लावली. तिथे आईंना भांडी विसळताना दिसतात आणि त्यांना ती फार आवडली आहेत. या भुतांना त्यांची हरकत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस खिडक्यांचा. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात हीच गोष्ट खरी करण्यासारखी आहे. बाकी काही झालं नाही आणि एवढंच झालं तरी हॅलोविन साजरं झालं म्हणता येईल.

कल्पना साधी : काळ्या बोर्डातून आकार कापायचा, खिडकीला आतून लावायचा, मागे उजेड ठेवायचा. पण तपशिलात गंमत आहे. पहिली गोष्ट, रेषेची जाडी. बोटापेक्षा बारीक काहीही रस्त्यावरून दिसत नाही. मांजरीच्या मिशा, कोळ्याचे केसाळ पाय, झाडाच्या डहाळ्या सगळं विरघळतं. डोळे बशीएवढे हवेत. दुसरी गोष्ट, जोड. आकाराच्या आत आकार कापला की मधला तुकडा गळून पडतो, म्हणून त्याला बाजूच्या कागदाशी धरून ठेवणारी पट्टी राखायची. हे मी थोरलीला समजावत होते, तर आई म्हणाल्या, "अगं, आकाशकंदिलाच्या नक्षीलाही असंच असतं," आणि कात्री हातात घेतली. त्यांनी वटवाघूळ कापलं ते घडी घालून, अर्ध्यावरच. उलगडल्यावर दोन्ही पंख तंतोतंत सारखे. मी चित्र काढून कापायला बसले होते ते तसंच राहिलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : मागचा उजेड पसरायला हवा. नुसता दिवा लावला तर दिव्याचा गोळा दिसतो, सोफा दिसतो, भिंतीवरचं घड्याळ दिसतं. बोर्ड आणि दिवा यांच्या मध्ये ओव्हनचा बेकिंग पेपर पूर्ण काचेला चिकटवला की अख्खी खिडकी दुधी उजेडाची होते आणि काळा आकार उठून येतो. बेकिंग पेपरवर नारिंगी जिलेटीन लावलं तर संधिप्रकाशासारखं दिसतं. आम्ही वरच्या दोन खिडक्या नारिंगी केल्या आणि खालची पांढरी ठेवली. दिवा एलईडीच हवा, जुना तापणारा बल्ब कागदाजवळ नको.

आकार : वर एका खिडकीत पाठ वाकवलेली मांजर, दुसरीत दोन मोठे डोळे आणि दातांची एक रांग, बाकी काही नाही. खाली आईंची वटवाघळं.

सातला रस्त्यावर जाऊन पाहिलं. डोळ्यांची खिडकी पहिल्या नंबराने पास. कुत्रा फिरवायला निघालेल्या शेजारीणबाई थांबल्या आणि घर आपल्याकडे बघतंय म्हणाल्या. मांजर पास. वटवाघळं पास, पण ती काचेच्या मधोमध आहेत, वरच्या कोपऱ्यात सरकवली तर उडताना वाटतील. उद्या.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काळ्या कचऱ्याच्या पिशवीचं जाळं. पिशवी कापून चौकोन करायचा, तिकोनी घड्या घालत जायचं, मग एका कडेवरून ओळीने वक्र पट्ट्या कापून टाकायच्या, मात्र दुसरी कड अखंड ठेवायची. उलगडलं की कोळ्याचं जाळं. प्लास्टिक असल्याने दव पडलं तरी चालतं, वाऱ्यालाही दाद देत नाही. गॅरेजच्या पांढऱ्या दारावर मास्किंग टेपने लावलं. काळ्यावर पांढऱ्यापेक्षा पांढऱ्यावर काळं रस्त्यावरून चांगलं दिसतं, निदान रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात. पास.

झुडपांवर ताणतात तो कापसासारखा पांढरा कोळिष्टकाचा पुडका मुद्दाम आणला नाही. त्यात पक्षी अडकतात. वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणारे लोक दर ऑक्टोबरमध्ये हेच सांगत असतात. शिवाय तो काढताना झुडूप निम्मं सोबत येतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

उभं भूत. आज आईंच्या खात्यात.

इतर लोक यासाठी पांढरा गोंद पाण्यात कालवून वापरतात. आम्ही कांजी केली, सुती साडीला घालतात तीच. एक कप पाण्याला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, आधी गार पाण्यात कालवून मग ढवळत शिजवायचं, पारदर्शक होईपर्यंत. साचा : एका उंच बाटलीच्या तोंडावर फुगवलेला फुगा, हातांसाठी तारेचा एक तुकडा, आणि सगळ्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म. ती विसरली तर कापड फुग्याला घट्ट बसतं. मग जाळीदार मलमल कांजीत बुडवून, पिळून, वरून सोडायची. चुण्या हाताने पाडायच्या आणि खालची टोकं फाडून लोंबती ठेवायची. रात्रभर वाळू द्यायचं, मग फुगा फोडून बाटली काढून घ्यायची. भूत आपल्या पायावर उभं राहतं, आत कोणी नसतं.

एक अट आहे. कांजी पाण्याने मऊ होते, म्हणजे पावसात हे भूत टिकणार नाही. पण या महिन्यात न्यू जर्सीत पावसाचं नाव नाही, आणि आमची भुतं पोर्चच्या बाजूच्या खिडकीत काचेआड ठेवायची आहेत. मोठी दोन आणि जुन्या टेनिस बॉलवर केलेली लहान चार. आत बॅटरीची पणती ठेवली की मलमलीतून उजेड झिरपतो.

नवऱ्याचं मत : ही आकाशकंदिलापेक्षा सुंदर झाली आहेत. आईंनी ते ऐकूनही ऐकलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

दुधाचे कॅन. आधी गरम पाणी आणि बेकिंग सोड्याने धुऊन टोपण उघडं ठेवून वाळवायचे, नाहीतर दोन दिवसांत वास मारतात. पाठीमागे मुठीएवढं भोक, त्यातून एलईडीची माळ एका कॅनमधून दुसऱ्यात नेत जायची. पुढे काळ्या मार्करने चेहरे. चेहरे मुलांनी काढले, प्रत्येक वेगळा : एक ओरडणारा, एक झोपाळू, एक अगदी आमच्या डेंटिस्टसारखा. तळाशी बागेतले खडे टाकले, वाऱ्याने पडू नयेत म्हणून. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना रांगेत मांडले. धुरकट पांढरं प्लास्टिक उजेड इतका छान पसरवतं की बेकिंग पेपरची गरजच नाही.

त्यानंतर झुडपांतले डोळे. टॉयलेट रोल चपटा करून दोन डोळे कापायचे, तिरके, बदामी, गोल, हवे तसे. एक टोक काळ्या टेपने बंद, आत ग्लो स्टिक, दुसरं टोकही बंद, आणि झुडपात खोल खोवायचं. दिवसा दिसत नाही. अंधारात काळोखातून डोळ्यांच्या जोड्या बघत असतात. दोन जोड्या जवळ, मग मोठी मोकळी जागा, मग एकटी एक जोडी. समान अंतराने लावले तर भीती जाते, कुंपणाचे दिवे वाटतात. ग्लो स्टिक काही तासच चालते, म्हणून आज चाचणीला एकच वाकवली. बाकीच्या ३१ ला सहाच्या सुमारास.

फुटपाथ : कॅन पास, डोळे विशेष प्रावीण्यासह पास. आजवरचा खर्च मर्यादेच्या निम्म्यालाही पोचलेला नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शेतावर जाऊन भोपळे. कोरायला घेतात ते मोठे, नारिंगी रंगाचे, भक्कम देठाचे. हाउडन ही त्यातली जुनी नावाजलेली जात. त्याची साल कोरायला बरी आणि आत पोकळी मोठी, पण गर पाणचट आणि दोऱ्यादोऱ्याचा. त्याचे घारगे करायला जाऊ नये. घारग्यांसाठी लहान गोल शुगर पाय भोपळा वेगळा घेतला. आईंनी हाताने वजन करून, टिचकी मारून निवडला, शेतवाल्याने कौतुकाने बघितलं.

निवडताना देठाला धरून उचलायचा नाही, देठ मोडला की तिथूनच कुजायला लागतो. बूड सपाट आणि टणक हवं.

कोरणं मात्र आज नाही. कोरलेला भोपळा थंडीत आठवडाभर तग धरतो, उबेत दोन-तीन दिवसांत आतून बुरशी धरतो आणि चेहरा आत वळतो. यंदा ऑक्टोबर चक्क उबदार आहे. शिवाय खारी आहेत. म्हणून मंगळवारी.

आणखी एक निर्णय. राज्यात वणव्यांचा धोका वाढल्याने उघड्यावर आग पेटवण्यावर निर्बंध आहेत, आणि लॉनवर वाळक्या पानांचा थर. बाहेर एकही खरी ज्योत नाही, भोपळ्यात नाही आणि पायऱ्यांवरही नाही. मुलांचे लोंबते झगे आणि पायरीवरच्या तेलाच्या पणत्या हे गणित एरवीही वाईटच आहे. आईंना हे पटायला वेळ लागला. शेवटी तोडगा असा : देवघरात आणि तुळशीपुढे काचेच्या झाकणात तेलाच्या पणत्या, बाहेर सगळ्या बॅटरीच्या.

आणखी एक लहान भोपळा निळसर-हिरवा रंगवला. याला टील भोपळा म्हणतात. दारात तो दिसला की ॲलर्जी असलेल्या मुलांच्या घरच्यांना कळतं, इथे खाऊशिवाय दुसरं काही मिळेल. अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या फेअर या संस्थेने २०१४ पासून ही चाल देशभर नेली. थोरलीच्या वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणून तिचाच आग्रह. पेन्सिली, छोटे चेंडू आणि उरलेल्या ग्लो स्टिक असा वेगळा वाडगा ठेवणार.

२७ ऑक्टोबर, रविवार

हे यादीत नव्हतं. थोरलीने शाळेत वाचलं की भोपळा अमेरिकेतला. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे, तिथून स्थलांतरित झालेल्यांना इकडे मोठा आणि मऊ भोपळा सापडला. मायो परगण्यात टर्लो पार्कला आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा आहे. तिथे डोनेगॉलमधल्या अशा एका जुन्या कंदिलाचा प्लास्टरचा ठसा ठेवलेला आहे. त्याचा फोटो बघितला आणि धाकटा खरोखर आईंच्या मागे लपला. दात, सुरकुत्या, खोल डोळे. भोपळ्याच्या हसऱ्या चेहऱ्याशी काही संबंध नाही.

तर सलगम आणले. कोरणं मोठ्यांचंच काम, आणि मनगटाचं : कच्चा सलगम दगडासारखा. वरची चकती कापली, मग टोकदार चमच्याने थोडं थोडं खरवडत आतून पोकळ केला. डोळे बारीक ठेवले. आतला गर कोशिंबिरीत गेला, दाण्याचं कूट आणि मिरचीची फोडणी देऊन. कोशिंबीर उत्तम झाली.

दोन दिवसांत तो सुकून आक्रसेल आणि आणखी भयानक दिसेल. फुटपाथवरून दिसणार नाही, पण खाऊच्या टेबलावर वाडग्याशेजारी ठेवायचा. हात घालणाऱ्याने त्याला बघायलाच हवं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. धनत्रयोदशी

संध्याकाळी धनाची पूजा, मग वर्तमानपत्र पसरून भोपळे.

झाकण वरून कापायचं तर सुरी आतल्या बाजूला तिरकी धरायची, नाहीतर झाकण आत पडतं. आम्ही बूड कापलं. भोपळा सरळ दिव्यावर ठेवता येतो आणि देठ शाबूत राहतो. आतला गर आइस्क्रीमच्या स्कूपने, आणि चेहऱ्याच्या बाजूची भिंत इंचभर जाडीची होईपर्यंत खरवडायची, म्हणजे कोरताना आरी अडत नाही. स्वयंपाकाच्या सुरीपेक्षा दोन डॉलरच्या सेटमधली छोटी दातेरी आरी सुरक्षित. चित्र मुलांचं, गर काढणं मुलांचं, आरी आमची. खिडक्यांचा धडा इथेही : मोठी, सरळ, ठसठशीत तोंडं. बारीक नक्षी केली की दुसऱ्या दिवशी कडा सुकून वाकते.

कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावावं की नाही यावर बरीच मतं आहेत. कडा ओलसर राहतात हे खरं, पण खारी आणि हरणं चाटणार, आणि दोन दिवसांसाठी तेवढी गरज नाही. नाही लावलं.

बिया धुऊन पुसून तेल, मीठ, हळद, तिखट लावून ३०० फॅरनहाइटला पाऊण तास भाजल्या. फराळाच्या डब्यात चिवड्याशेजारी त्यांनाही जागा मिळाली.

३० ऑक्टोबर, बुधवार

आज मिस्चीफ नाइट. न्यू जर्सीत हॅलोविनच्या आदल्या रात्री पोरं झाडांवर टॉयलेट पेपर फेकतात, गाड्यांवर अंडी. कॅन, भोपळे आणि टील भोपळा गॅरेजमध्ये घेतले. बाहेर फक्त जाळं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "होळीच्या आदल्या रात्री आमच्याकडे लाकडं पळवायचे. दार लावून घे."

३१ ऑक्टोबर, गुरुवार. लक्ष्मीपूजन

थोडक्यात, कारण हात खोबरेल आणि मार्करने एकदमच माखलेत.

सूर्यास्त सहाच्या आतबाहेर. पूजेचा मुहूर्त आणि मुलांची गर्दी नेमकी एकाच वेळी. म्हणून खाऊचं टेबल ड्राइव्हवेच्या तोंडाशी नेलं, नवरा आणि धाकटा तिथे बसले, आम्ही पूजेला. आरतीच्या वेळी पाळी बदलली. हवा हाफ शर्टात फिरण्याजोगी, त्यामुळे गर्दी खूप.

आईंना पोरांना चकल्या द्यायच्या होत्या. सांगावं लागलं की इथे बंद पाकिटाशिवाय कोणी काही खाऊ देत नाही, घरचा पदार्थ आईबाप टाकूनच देतात. चकल्या मग ओळखीच्या आईबापांना, कागदी कपात. त्या मात्र कोणीही टाकल्या नाहीत.

दारात रांगोळी, तोरण, आकाशकंदील, बॅटरीच्या पणत्या. आईंच्या नियमाप्रमाणे एकही हाड नाही. लाल-पिवळा कंदील बघून डायनोसॉर झालेल्या एका मुलाने विचारलं, हे कोणतं भूत?

सगळ्यात जास्त थांबवलं ते झुडपांतल्या डोळ्यांनी. सलगमाला दुसरा नंबर. दोन बहिणींनी वाडग्यात हात घालायला नकार दिला.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

आवरासावर. बातम्यांत सांगताहेत, ऑक्टोबर हा राज्याच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा महिना ठरला. म्हणून तर बाहेरचा कागद आणि टेप टिकला. पुढच्या वर्षी तसं गृहीत धरायचं नाही, बाहेर प्लास्टिक आणि पुठ्ठ्यावर टेप.

कोरलेले भोपळे आतून काळे पडले, कंपोस्टमध्ये. रंगवलेला तिथे चालत नाही, तो कचऱ्यात. सलगम आईंच्या हुकमाने घराबाहेर. बेकिंग पेपर टाकला. काळे बोर्ड गुंडाळी न करता पलंगाखाली सपाट ठेवले, घडी पडली की पुढच्या वर्षी उजेडाची रेघ दिसते. मलमलीची भुतं एका खोक्यात, बाटल्यांवर उभी. मोठ्या दोघांतल्या एकाला पंधरवड्याच्या पाहुण्यासारखा निरोप द्यायला धाकटा तयार नाही, म्हणून ते अजून खिडकीत.

कॅनचं पुढे काय, यावर घरात एकमत नाही. मला रिसायकलमध्ये टाकायचे आहेत, थोरलीला नाताळात त्यांचे स्नोमॅन करायचे आहेत, मार्कर स्पिरिटने निघतो म्हणे. माळा राहू दिल्या, तुळशीच्या लग्नाला लागतील. आज पहाटे उन्हाळी वेळ संपून घड्याळं तासभर मागे गेली, म्हणून त्यांचा टायमर साडेपाचऐवजी साडेचारला लावला.